बिनऔषधाचे सहा वाफे

तुडतुडा सरळ चालत नाही. भेंडीचं पान उलटं केलं की तो उजेडाला बिचकतो आणि खेकड्यासारखा तिरका पळतो, शिरेच्या आडोशाला. रंग पानाचाच, आकार तिळाच्या अर्ध्याएवढा. तो पळायच्या आत त्याला मोजणं हे रत्नप्रभाचं काम होतं. सतरा वर्षं ती ते करत होती.

अंधेरीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी कंपनी होती. बियाण्याला पेरणीआधी लावायची औषधं खरंच कीड आवरतात का, हे ती इतरांसाठी तपासून देई. तपासायला माती लागते, आणि अंधेरीत माती कुंडीपुरतीच उरलेली. म्हणून कंपनीने खाडीपलीकडे, गोराई गावामागे दीड एकर जमीन भाड्याने घेतली होती. एक विहीर, एक पत्र्याची खोली, चोवीस वाफे. चारकोपला राहणारी रत्नप्रभा रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडायची आणि दुपारी परतायची. बोटीत तिच्यासोबत सखुबाई असायची, गोराईच्या कोळीवाड्यातली. ती बोरिवलीच्या बाजारात मासळी लावून घरी परतत असे. सखुबाई दुसऱ्या बायकांना रत्नप्रभाची ओळख करून द्यायची ती अशी: ही किडे मोजायला जाते, आणि त्याचा तिला पगार मिळतो. बायका हसायच्या. रत्नप्रभाही हसायची. सासरा गिरणीत धागे मोजायचा, सून किडे मोजते; घराण्यात मोजणंच लिहिलेलं आहे, असं ती म्हणायची.

माहेर देवगडकडचं. लहानपणी आईबरोबर मिरचीच्या रोपांवर पहाटे राख मारायला जायची, तेव्हापासून पानाची खालची बाजू बघायची सवय. लग्नानंतर बरीच वर्षं तिला एकही पान उलटायला मिळालं नाही. मग बोरिवलीच्या एका रोपवाटिकेत पिशव्या भरायचं काम मिळालं आणि तिथून कोणीतरी तिला गोराईला नेलं. त्या वेळचे साहेब मोजणी शिकवायला आले होते. त्यांनी तीन पानं उलटून नऊ तुडतुडे सांगितले. ती हळूच म्हणाली, साहेब, चौदा. त्या दिवसापासून मोजणी तिच्याकडे.

काम साधं होतं आणि अवघड होतं. चोवीस वाफ्यांपैकी अठरा वाफ्यांत औषध लावलेलं बी पडायचं, तीन तऱ्हांचं. उरलेल्या सहांत कोरं बी. औषधाचं बी रंगवलेलं असतं, तांबडं किंवा निळं. कोरं बी आपल्या मूळ रंगाचं. पेरणी तीच करायची, त्यामुळे कोरे वाफे कोणते हे तिला तोंडपाठ असायचं. या हंगामात तीन, सात, बारा, चौदा, एकोणीस आणि बावीस. पहिले तीस-पस्तीस दिवस रोप कोवळं असतं, तेव्हाच तुडतुडा त्याचा रस ओढून त्याला म्हातारं करतो. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग वर वळतात. तेवढे दिवस रोप तगलं तर पुढे ते स्वतःचं बघून घेतं. माणसाचंही तसंच असावं असं तिला कधीकधी वाटायचं. पण उकिडवं बसून पान उलटताना फार विचार करून चालत नाही, आकडा चुकतो.

या वर्षी फेब्रुवारीत पेरणी झाली आणि श्रुतिका यंत्र घेऊन आली.

श्रुतिका पंचविशीची. दापोलीला शेतीचं शिक्षण घेतलेली, घाटकोपरला मावशीकडे राहणारी. मला मॅडम म्हणू नका असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि रत्नप्रभाने ते ऐकलं नव्हतं. यंत्र म्हणजे एक दांडा, टोकाला डबीएवढं डोकं, हाताशी पडदा. रोपांवर हातभर उंच धरून वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. ते पानांवर उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडावरून हिरवेपणा मोजतं. शून्य म्हणजे उघडी माती. एकाच्या जवळ म्हणजे गच्च हिरवं. किडीने रोप खाल्लं की आकडा पडतो. श्रुतिकाने एवढं सगळं समजावलं आणि सांगितलं की ज्या मोजणीला तीन सकाळी लागतात, ती यात वीस मिनिटांत होते.

रत्नप्रभाने दांडा हातात घेतला तेव्हा तिला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. गेलं वर्षभर तिच्या डाव्या डोळ्यावर धुकं येत होतं. पान अगदी नाकाशी आणावं लागे. शिरेच्या कडेला जे हललं ते तुडतुडा की डोळ्यातलं पाणी, हे तिला दोनदा बघावं लागे. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्याचा डोळाच त्याचा पगार, त्याने डोळ्याबद्दल बोलू नये.

चौदाव्या दिवशी पहिली नोंद झाली, एकविसाव्या दिवशी दुसरी. दोन्ही वेळा यंत्राने भलतंच सांगितलं. सगळ्यात हिरवे वाफे म्हणजे कोरे. तीन, सात, बारा, चौदा, एकोणीस, बावीस. ज्यांना औषधाचा कण लागला नव्हता ते सहा वाफे सगळ्यात निरोगी. आणि रत्नप्रभाच्या वहीत त्याच सहा वाफ्यांत सगळ्यात जास्त तुडतुडे.

श्रुतिकाने यंत्र पुसलं, बॅटरी बदलली, पुन्हा फिरवलं. तेच. मग ती पत्र्याच्या खोलीबाहेर उभी राहून अंधेरीला फोनवर बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ऑफिसातले निलेश सर तिला म्हणाले होते, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तिन्ही औषधं कुचकामी आहेत, नाहीतर बाईंची नजर. आणि तिन्ही औषधं एकदम कुचकामी निघत नाहीत.

श्रुतिकाने हे जसंच्या तसं सांगितलं नाही. तिने विचारलं, "मावशी, शेवटचा डोळा कधी तपासला होता?"

रत्नप्रभा म्हणाली, "माझ्या डोळ्याने यंत्रातला आकडा कसा वाढेल, मॅडम?"

उत्तर बरोबर होतं. डोळा चुकला असता तर वही चुकली असती, यंत्र नाही. श्रुतिकाला ते पटलं. पण पटणं वेगळं आणि अहवाल वेगळा. अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरी नोंद होती, गुरुवारी. तीही अशीच आली तर मोजणी बंद करायची, असं अंधेरीत ठरलं होतं. यंत्र आणि वही भांडत असतील तर दोघांना पोसणं कंपनीला परवडणारं नव्हतं. हे श्रुतिकाने खाली बघत सांगितलं.

बोटीत परत येताना नोकरी जाईल याचं तिला दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी आत रुतलं होतं. सतरा वर्षांच्या वह्या. ही वही चुकली म्हटलं की मागच्या सगळ्या चुकल्या. तिने मोजलेला एकेक तुडतुडा खोटा. माणूस मेल्यावर त्याचं नाव पुसतात, हे तर जिवंतपणी पुसणं होतं.

सोमवारी, पेरणीच्या पंचविसाव्या दिवशी, ती नेहमीसारखं काम आटोपून सात नंबरच्या वाफ्यात वाकली. भेंडीच्या बुडाशी घोळीची भाजी पसरली होती, जमिनीला चिकटून, मऊ, तांबूस देठांची. मधेमधे रानमाठ. तिने घोळीचे शेंडे खुडून पिशवीत टाकायला सुरुवात केली. आज तूरडाळ घालून करू, असा विचार चालला होता. सात झाला की बारा नंबरात जायचं, तिथे माठ चांगला आलाय.

आणि हात थांबला.

मधल्या आठ, नऊ, दहा, अकरा नंबरांकडे तिने पाहिलं. तिथे भेंडीखाली नुसती माती होती, विळ्याने खरवडलेली, स्वच्छ. तिनेच खरवडलेली. तिथली भाजी खाता येत नाही, बियाण्याला औषध आहे, मातीत उतरलेलं असणार. म्हणून तिथलं सगळं तण ती उपटून बांधावर फेकायची. कोऱ्या सहा वाफ्यांत मात्र घोळ आणि माठ ती ठेवायची. वरचेवर खुडायची, पुन्हा फुटू द्यायची. कोकणातली बाई खायची भाजी तण म्हणून उपटत नाही. तो हाताचाच धर्म असतो, डोक्याला विचारावं लागत नाही. सतरा वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्याने काही बिघडतच नव्हतं. तुडतुडे भेंडीच्या पानावर मोजायचे, पायाखाली काय उगवलंय याला कोण विचारतो.

पण यंत्र वरून बघतं. त्याला भेंडी वेगळी आणि घोळ वेगळी दिसत नाही. त्याला हिरवं दिसतं.

ती तिथेच खाली बसली. आधी हसू आलं, मग घाम आला.

घरी सहदेव, तिचा नवरा, कांदा चिरायला बसला. पॅकिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो एवढं करायचा. पिशवीतली घोळ बघून तो खुलला. ही भाजी आली की त्याची एक ठरलेली गोष्ट असायची: "माझ्या बापाशीक गिरणीन कदी चिंधी पण फुकट दिल्यान नाय. तुझी कंपनी बघ, भाजी देता."

आज ती हसली नाही. तिने सगळं सांगितलं. सांगितलं की ही भाजी कंपनीने दिलेली नाही, तिने घेतलेली आहे. सतरा वर्षं. आणि आता तीच भाजी तिच्या मोजणीच्या मुळावर आली आहे. गप्प राहून उद्या सकाळी सहाच्या सहा वाफे खरवडून टाकले तर कोणाला कळणार नाही. गुरुवारी आकडा बरोबर येईल. पण मग आधीचे दोन आकडे का चुकले हे कोणालाच कळणार नाही, आणि यंत्रावरचा सगळ्यांचा विश्वास उडेल, किंवा तिच्यावरचा. आणि सांगावं तर म्हणतील, बाईने प्रयोग नासवला, वर भाजीही चोरली.

सहदेवने सुरी खाली ठेवली. "त्या पोरीक सांग," तो म्हणाला. "उद्या दुसऱ्या कोणी सांगितल्यान तर तोंड खय ठेवतलंस? आणि चोरी कसली ती? कोणी उपटून फेकलेला असता, तू शिजवलंस."

"तसं नाही ते," ती म्हणाली. "माझ्यासाठी मी ते वाफे वेगळे वागवले. चोवीस वाफे सारखे वागवायचे, हाच तर नियम."

जेवताना दोघांनी भाजी खाल्ली. ती चांगली झाली होती, हेच वाईट होतं.

मंगळवारी श्रुतिकाचा शेतावर यायचा वार नव्हता. रत्नप्रभाने तिला फोन करून बोलावलं. ती दुपारी आली, खाडीच्या वाऱ्याने विस्कटलेली, काहीतरी अपघात झालाय असं समजून. रत्नप्रभा तिला सरळ सात नंबरवर घेऊन गेली आणि म्हणाली, "खाली बघ."

मॅडम म्हणायचं राहिलं, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

श्रुतिका वाकली. तिने एकदा वाफ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या आठ नंबरकडे. रत्नप्रभाने सांगितलं, काय आहे, का आहे, किती वर्षं आहे. न अडखळता सांगितलं, पाठ केलेलं असल्यासारखं. शेवटी म्हणाली की काढून टाकायचं तर टाका, पण वहीवर चूक लिहू नका, वही खरी आहे.

श्रुतिका चिडली. तिने चिडायला हवंच होतं. "दहा-बारा दिवस मी झोपले नाहीये, मावशी. दोन नोंदी गेल्या. त्या परत येणार नाहीत. सरांना काय सांगू, भाजी होती?"

"हो," रत्नप्रभा म्हणाली. "भाजीच होती."

विहिरीवर पंप चालू होता, पाणी चौदा नंबरकडे निघालं होतं. मग श्रुतिका खोलीत गेली आणि यंत्र घेऊन आली. सात नंबरवरून ती फिरली: शून्य दशांश अठ्ठावन्न. तिने आकडा लिहिला आणि यंत्र बांधावर ठेवलं. दोघी वाफ्यात बसल्या आणि घोळ उपटायला लागल्या, मुळासकट, माठासकट. पाऊण तास लागला. वाफा उघडा पडला तेव्हा भेंडीची खरी दशा दिसली. रोपं थिटी, कडा पिवळ्या, पानं वर वळलेली, वाटीसारखी. घोळीने ती झाकून ठेवली होती.

श्रुतिका पुन्हा फिरली. शून्य दशांश छत्तीस.

शेजारचा औषधाचा आठ नंबर: शून्य दशांश सत्तेचाळीस.

तिने ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत राहिली. मग ती म्हणाली ते रत्नप्रभाला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. "मी खाली बघितलंच नाही. दोनदा या वाफ्यावरून चालले आणि दोनदा पडद्याकडे बघत होते. चूक तुमची एकटीची नाहीये."

बुधवारी उरलेले पाच वाफे साफ झाले. गुरुवारी तिसरी नोंद झाली. कोरे सहा वाफे सगळ्यात खाली आले. तिन्ही औषधं वर, त्यातही निळ्या बियाण्याचं थोडं सरस. वहीतही तोच क्रम होता.

पण श्रुतिका तेवढ्यावर थांबली नाही, आणि तिथेच रत्नप्रभाला तिच्याबद्दल आदर वाटला. ती म्हणाली, आता वहीचीही परीक्षा घेऊ. तीच पानं दोघींनी मोजायची, एकमेकींचा आकडा न बघता. चार वाफे, प्रत्येकी पाच रोपं, रोपाला तीन पानं. श्रुतिकाला दुप्पट वेळ लागला. शेवटी वह्या शेजारी ठेवल्या. क्रम दोघींचा सारखा. पण जिथे श्रुतिकाला एक्केचाळीस सापडले, तिथे रत्नप्रभाला चौतीस. अगदी लहान पिल्लं, पारदर्शक, तिच्या हातून सुटत होती.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "डाव्या डोळ्याने धुरकट दिसतं," ती म्हणाली. "वर्ष झालं."

"आणि तरीही चौतीस?" श्रुतिकाने विचारलं.

निलेश सरांना श्रुतिकाने सगळं लिहून कळवलं, काही न गाळता. चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या यंत्राच्या नोंदी रद्द. कारण, कोऱ्या वाफ्यांतलं तण. ते का ठेवलं गेलं होतं तेही. सर चिडले, मग विचारात पडले. कारण त्यांचा स्वभाव मुळात हिशेबी होता आणि यात हिशेब होता. ही चूक इथे दीड एकरात सापडली. दुसऱ्यांच्या शेतावर सापडली असती तर अहवाल कोर्टात गेला असता. पुढच्या आठवड्यात ते स्वतः खाडी ओलांडून आले, बूट हातात घेऊन चिखलातून चालले आणि बांधावर उभे राहून म्हणाले की यापुढे यंत्र उचलायच्या आधी प्रत्येक वाफा कोणीतरी वाकून बघायचा, आणि त्याची सही असायची. ही सही बाईंची. शिवाय दर पाचव्या वाफ्यात पानं उलटून मोजणी चालूच राहील. यंत्र रोप आजारी आहे एवढंच सांगतं, कशाने ते सांगत नाही. भाजीबद्दल ते एवढंच म्हणाले की बांधाच्या पलीकडे हवी तेवढी लावा.

डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलं, शेत रिकामं असतं तेव्हा. सहदेवने बोरिवलीच्या धर्मादाय हॉस्पिटलात नाव नोंदवलं आणि आल्यावर म्हणाला की डॉक्टर मुलगी आहे, आणि तिने बायकोचा धंदा विचारल्यावर त्याने किडे मोजते असं सांगितलं तर ती पेन खाली ठेवून ऐकत बसली.

एप्रिलच्या सुरुवातीला, भेंडी कंबरेएवढी झाल्यावर, अंधेरीहून आणखी एक बातमी आली. पावसाळ्यात आणखी तीन ठिकाणी वाफे पडणार होते आणि तिथे वाकून बघायला, पानं उलटायला बायका लागणार होत्या. त्यांना शिकवायला रत्नप्रभाने जायचं. शिकलेल्या पाहिजेत का, संगणक येणाऱ्या पाहिजेत का, असं श्रुतिकाने विचारलं.

रत्नप्रभाने जरा विचार केला. "उकिडवं बसता येणाऱ्या बघ," ती म्हणाली. "तीन-तीन तास. बाकीचं मी शिकवते."

श्रुतिका हसली, मग गंभीर झाली. यंत्र खोलीत ठेवून ती परत आली आणि एकोणीस नंबरच्या कडेला बसायला गेली. ती चवड्यांवर बसली, टाचा वर, हात पसरून, आणि पहिलं पान उलटायच्या आतच तोल जाऊन मागे मातीवर आपटली. कपड्यांना चिखल लागला. उठून ती पुन्हा तशीच बसली.

रत्नप्रभा तिच्या शेजारी बसली, अगदी सहज, जशी लोकं खुर्चीत बसतात.

"टाच टेकव, बाय," ती म्हणाली. "जमिनीला भिऊ नको."